कुत्रा जातो, गोष्ट मागे राहते

घरचा कुत्रा कुणाला चावला की झाडीपट्टीतल्या घरात दोन गोष्टी एकदमच सुरू होतात. चावा बसलेल्याला घेऊन एक जण दवाखान्याकडे धावतो आणि मागे ओसरीवर कुजबुज सुरू होते: आता याचे करायचे काय? या प्रश्नाचे उत्तर फार लवकर मिळते. दिवस कलला की कुणीतरी मोटारसायकल काढतो, मागे बसलेला पोते धरतो आणि दहा-पंधरा किलोमीटरवर जंगल लागले की पोते मोकळे होते. घरधनी जरा हळवा असला तर कुत्रा साळ्याच्या शेतावर जातो. लेकरांनी विचारले तर सांगायचे, 'दिला एकाकडे.'

या 'दिला एकाकडे'खाली बरेच प्रश्न बुजवले जातात. चावलेल्या कुत्र्याला दुसरे घर द्यावे का? ते कुणी ठरवायचे? कायद्याला त्यात काही म्हणायचे आहे का? आणि जंगलाच्या कडेला राहणाऱ्यांनी जादा काळजी कोणती घ्यायची? चंद्रपूर आणि गडचिरोली हे झाडीपट्टीतले दोन जिल्हे समोर ठेवून या प्रश्नांचा हा आढावा.

2019 च्या पशुगणनेत देशभरात सुमारे 1 कोटी 53 लाख मोकाट कुत्री मोजली गेली, त्यांतली पावणेतेरा लाख महाराष्ट्रात. पण इथल्या खेड्यातला कुत्रा ना धड मोकाट, ना धड पाळीव. तो एका घरचा म्हणवतो, तीन घरी भाकर खातो आणि रात्री चौकात झोपतो. गळ्यात पट्टा नाही, कुठे नोंद नाही. वाघाच्या मुलखात त्याचे नाव हौसेने वाघ्या ठेवलेले असते. मोहफुले वेचायला पहाटे निघालेल्या बायांच्या पुढे तोच धावतो, धानाच्या राखणीला मचाणाखाली तोच बसतो आणि झुडपात काही हलले तर पहिला आवाज त्याचाच येतो. चावेपर्यंत तो सगळ्यांचा असतो. चावला की त्याला मालक सापडत नाही.

पहिले दहा दिवस

कुत्र्याचा विचार नंतर, आधी जखमेचा. एकाने हापशी मारावी आणि दुसऱ्याने जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली धरावी, घड्याळ बघून पंधरा मिनिटे. हा वेळ वाटतो त्याहून लांब असतो. लेकरू ओरडत असते, हापसणाऱ्याचा हात भरून येतो आणि तिसऱ्याच मिनिटाला 'झाले, झाले' म्हणत सगळे थांबतात. रेबीजचा विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी धुऊन काढण्याची याइतकी स्वस्त संधी दुसरी नाही. तिखट भरणे, चुना लावणे, पुजाऱ्याकडून मंतरून आणणे हे उपाय अजून ऐकू येतात. तिखटाने विषाणू मरत नाही, जखम मात्र चिघळते आणि दवाखान्याला उशीर होतो.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात या भीतीने आजही काही जण दवाखाना टाळतात. ती जुनी लस देशात 2005 च्या सुमारासच बंद झाली. आताची लस दंडात देतात: कातडीत दिली तर पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, स्नायूत दिली तर चौदाव्या दिवसाची एक सुई वाढते. दात रुतून रक्त आले असेल तर लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही जखमेत आणि जखमेभोवती सोडावे लागते. कागदावर हे वेळापत्रक सोपे दिसते. पण पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा जगाशी संबंध तुटतो, हे तिथले लोक वर्षानुवर्षे भोगत आले आहेत. अशा गावात तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची सुई पाऊस ठरवतो. म्हणून तिथे कुत्र्याला आधीच टोचून ठेवणे हे माणसाला नंतर टोचण्यापेक्षा कितीतरी सोपे काम आहे.

आता कुत्रा. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची, हा नियम जगभर पाळला जातो आणि त्याला साधे कारण आहे. रेबीजचा विषाणू कुत्र्याच्या लाळेत उतरतो तो आजार दिसण्याच्या थोडे आधी. लाळेतून विषाणू सोडणारा कुत्रा दहा दिवसांत आजारी दिसतो आणि मरतो. दहाव्या दिवशी तो ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता, असे डॉक्टर ठामपणे म्हणू शकतात आणि पुढच्या सुयांचे त्यावरून ठरवू शकतात. लस मात्र दहा दिवसांची वाट न पाहता पहिल्याच दिवशी सुरू करायची.

म्हणजे चाव्याच्या संध्याकाळी जंगलात सोडलेल्या कुत्र्याबरोबर घराने एक पुरावाही फेकून दिलेला असतो. ज्याला चावा बसला, त्याच्या डोक्यावर महिनाभर टांगती तलवार राहते. काठ्यांनी मारून पुरलेल्या कुत्र्याचेही तेच. रेबीजची खात्री त्याचा मेंदू प्रयोगशाळेत तपासून होते आणि खड्ड्यातल्या कुत्र्याचा मेंदू कुणी तपासत नाही. देशात रेबीजने वर्षाला वीस हजार माणसे दगावतात असा अंदाज बरीच वर्षे सांगितला जाई. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या अलीकडच्या देशव्यापी पाहणीने तो 5,700 च्या आसपास आणला. त्याच पाहणीत वर्षाला सुमारे 91 लाख प्राणीदंश निघाले आणि दर चारांतले तीन कुत्र्याचे. मृत्यू उतरले असतील, चावे ढिगाने आहेत.

तेव्हा पहिले दहा दिवस कुत्रा कुठेही जात नाही. त्याला कोंडायचे, सावली आणि पाणी द्यायचे, एकाच मोठ्या माणसाने त्याच्याजवळ जायचे आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचे. घर बदलण्याची चर्चा अकराव्या दिवसापासून.

निकाल कोण देतो

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला चौकट आहे. 1991 च्या 'डेंजरस डॉग्ज ॲक्ट'ने आधी चार जातींवर बंदी आणली: पिट बुल टेरियर, जपानी तोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो. 2023 च्या अखेरीस एक्सएल बुलीची भर पडली. बंदी असलेला कुत्रा विकता येत नाही आणि कुणाला फुकटही देता येत नाही, त्यामुळे प्राणिसंस्थांनाही त्याला नवे घर शोधण्याची मुभा नाही. इतर जातींचा कुत्रा चावला तर न्यायालय मालकाला अटी घालू शकते: मुसके, पट्टा, कुंपण, नसबंदी. अटी मोडल्या तर, किंवा धोका फारच असला तर, कुत्रा मारण्याचा आदेश निघतो. जातीवर बोट ठेवल्याने चावे थांबले का, यावर तिथे तीस वर्षे वाद चालू आहे. कॅनडातले कॅल्गरी शहर उलट्या वाटेने गेले. तिथे जातीवर बंदी नाही. नोंदणी सक्तीची आणि वागणुकीची जबाबदारी मालकाची.

आपल्याकडे केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने मार्च 2024 मध्ये पिटबुल, रॉटवायलर यांच्यासह 23 जातींवर बंदी घालण्याचे पत्र राज्यांना धाडले. संबंधितांचे म्हणणे न ऐकताच ते काढले गेल्याचा आक्षेप आला आणि एप्रिलमध्ये कर्नाटक व दिल्ली उच्च न्यायालयांनी ते रद्द केले. तसेही त्या यादीचा झाडीपट्टीशी संबंध थोडाच. बल्लारपूर-चंद्रपूरच्या वसाहतींत मोठ्या विलायती जातींचे कुत्रे दिसतात, पण खेड्यात चावतो तो गावठी. त्याची जात कोणत्याही यादीत येणार नाही.

'अमुक कुत्रा धोकादायक' असे ठरवण्याची सोय आपल्या कायद्यात मात्र आहे. ती फारशी कुणी वापरत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 152 प्रमाणे, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 133 प्रमाणे, जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी धोकादायक जनावराच्या मालकाला सशर्त आदेश काढू शकतो: जनावर नष्ट करा, बंदिस्त ठेवा किंवा त्याची अन्य विल्हेवाट लावा, नाहीतर ठरल्या तारखेला येऊन आदेश का काढू नये ते सांगा. यातली 'अन्य विल्हेवाट' म्हणजे आपल्या विषयातले घर बदलणे. त्यासाठी मुंबई-नागपूर गाठायला नको. तालुक्याच्या किंवा उपविभागाच्या गावी बसणारा अधिकारीच हा निकाल देऊ शकतो. बंदिस्त ठेवण्याची अटही तो घालू शकतो, हे विशेष. म्हणजे कुत्रा मारा किंवा हाकला, या दोनांच्या मधली वाट कायद्याने ठेवली आहे.

मालकाच्या हयगयीसाठी भारतीय न्याय संहितेचे कलम 291 आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम कागदावरच राहते असे समजू नये. मुंबईत नेपियन सी रोडवर 2010 साली एका रॉटवायलरने वृद्ध नातेवाइकाला चावा घेतला. 2023 मध्ये मालकाला तीन महिन्यांची शिक्षा झाली. वरळीत 2018 साली लिफ्टमध्ये हस्की चावला. 2025 मध्ये मालकाला चार महिने सुनावले गेले. दोन्ही निकालांत शिक्षा मालकाला झाली, हे लक्षात घ्यावे. आणि निकालाला लागलेली सात ते तेरा वर्षेही लक्षात घ्यावीत. तेवढ्या काळात कुत्र्याचे आयुष्य सरते.

मोकाट कुत्र्यांच्या खटल्यांनी या चित्रात धुरळा बराच उडवला. ऑक्टोबर 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितले की मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे तर त्यांना रीतसर दत्तक घ्या. पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या भागाला स्थगिती दिली. ऑगस्ट 2025 मध्ये दिल्ली परिसरातली सगळी कुत्री निवाऱ्यात हलवा असा आदेश आला आणि अकरा दिवसांत मोठ्या पीठाने तो बदलला: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्री होती तिथेच सोडा, पिसाळलेली आणि आक्रमक मात्र सोडू नका. नोव्हेंबरमध्ये शाळा, दवाखाने, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारातली कुत्री हलवून परत तिथे न सोडण्याचे फर्मान निघाले. या सगळ्यात 'आक्रमक' कुत्रा कुणी आणि कशावरून ठरवायचा, हा मुद्दा राहून गेला. घरच्या कुत्र्याच्या बाबतीतही घोडे तिथेच अडते.

जंगलात सोडणे

घर बदलण्याच्या सगळ्या प्रकारांत इथे सर्वांत सोपा प्रकार हाच आहे आणि सर्वांत वाईटही. प्राण्यांना उपाशी-तहानलेले राहावे लागेल अशा स्थितीत टाकून देणे हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याचा दंड अजूनही दहा ते पन्नास रुपये. पोते आणायला यापेक्षा जास्त पैसे लागतात.

टाकलेल्या कुत्र्याचे पुढे काय होते? घरच्या अन्नावर वाढलेला कुत्रा जंगलात शिकारी होत नाही, तो पहिल्या वस्तीचा वास काढत चालू लागतो. तो तिथवर पोचलाच तर त्या गावाला अनोळखी, भेदरलेला, उपाशी आणि आधी एकदा चावलेला कुत्रा मिळतो. त्याच्याविषयी कुणाला काही माहीत नसते. नाही पोचला तर बिबट्या आहे. अकोले तालुक्यातल्या बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाद्यात वजनाने 39 टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. कुत्रा हे बिबट्याचे हक्काचे भक्ष्य आहे आणि ते जिथे मिळते तिथे बिबट्या येतो. 2022 च्या फेब्रुवारीत चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आणि दुर्गापूरच्या परिसरात वाघ-बिबट्याच्या हल्ल्यांत लागोपाठ दोन दिवस दोन जीव गेले. वस्तीभोवतीची झुडपे, कचऱ्याचे ढीग आणि त्यावर पोसलेली कुत्री-डुकरे म्हणजे बिबट्याला दिलेले आवतण, हे तिथल्या माणसाला नव्याने सांगायला नको.

तिसरी बाजू जंगलाची. भारतात कुत्र्यांनी केलेल्या हल्ल्यांच्या एका पाहणीत 80 जातींच्या वन्यप्राण्यांची नोंद झाली, त्यांतल्या 31 जाती संकटग्रस्त. चितळाची पाडसे, ससे, मोर हे तर रोजचेच. दातांपेक्षा आजार मोठे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्याभोवतीच्या गावकुत्र्यांत कॅनाइन डिस्टेंपर आणि पार्व्होच्या खुणा सर्रास सापडल्या होत्या. 2018 साली गीरमध्ये वीसहून अधिक सिंह दगावले, त्यातही डिस्टेंपर निघाला. ताडोबात कोळसुनांचे कळप आहेत; ती कुत्र्याचीच भावकी, तेव्हा कुत्र्याचा आजार त्यांना लागायला वेळ लागत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम 33-अ मध्ये अभयारण्यापासून पाच किलोमीटरपर्यंतच्या पाळीव गुरांच्या लसीकरणाची तरतूद आहे. तोच न्याय कुत्र्याला लावायला हवा. पोत्यातून जंगलात मोकळा केलेला, न टोचलेला कुत्रा हा त्या तरतुदीला पाडलेले भगदाड आहे.

वाघांच्या बदल्यांचा धडा

हल्ला केलेल्या प्राण्याला दुसरीकडे नेऊन सोडणे, हा प्रयोग या मुलखाने कुत्र्यापेक्षा फार मोठ्या प्राण्यावर करून पाहिला आहे. ब्रह्मपुरी परिसरात माणसांवर हल्ले करणारी टी-27 सी-1 ही वाघीण जुलै 2017 मध्ये पकडली गेली आणि रेडिओ कॉलर लावून वर्धा जिल्ह्यातल्या बोर व्याघ्र प्रकल्पात सोडली गेली. ती तिथे थांबली नाही. गावाकाठाने फिरत राहिली, आणखी माणसे मेली, तिला ठार करण्याचा आदेश निघाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. 14 ऑक्टोबरला ती शेताच्या कुंपणातल्या विजेच्या तारेला लागून मेली. 2019 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातून मेळघाटात नेलेल्या ई-1 वाघिणीनेही तिथे माणसांवर हल्ले केले. तिला पुन्हा पकडून नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात न्यावे लागले. पुढे ऑक्टोबर 2022 मध्ये वडसा वनक्षेत्रात सीटी-1 हा वाघ पकडला गेला. गडचिरोली, भंडारा आणि चंद्रपुरातल्या 13 जणांचा बळी त्याच्या नावावर होता. त्याला दुसऱ्या जंगलात न सोडता थेट गोरेवाड्याच्या पिंजऱ्यात ठेवले गेले.

वाघ आणि कुत्रा यांची तुलना ताणू नये. तरी एक गोष्ट घेण्यासारखी आहे. जागा बदलली म्हणून हल्ल्याचे कारण सुटत नाही, ते प्राण्याबरोबर प्रवास करते. दुसरे असे, की वाघाच्या बाबतीत निदान त्याची फाइल त्याच्याबरोबर प्रवास करते. त्याला क्रमांक असतो, ट्रॅप कॅमेऱ्यातले पट्टे जुळवून ओळख पटवलेली असते, कुठे, केव्हा, कुणावर हल्ला झाला याची नोंद असते. म्हणून चूक झाली तर ती चूक होती हे कळते आणि पुढच्या वेळी निर्णय बदलता येतो. पोत्यातल्या कुत्र्याच्या बाबतीत काहीच कळत नाही. दुसऱ्या गावात तो पुन्हा चावला तर तो त्याचा पहिलाच चावा ठरतो.

चावा वाचायचा कसा

'कुत्र्याचे शेपूट नळीत घातले तरी वाकडेच' ही म्हण अशा वेळी हमखास ऐकू येते. स्वभाव म्हणून सगळे सोडून दिले की विचार करायचे काम उरत नाही. प्रत्यक्षात चावा वाचता येतो. इयान डनबार या पशुवैद्यकाने चाव्याच्या सहा पायऱ्या लावून दिल्या आहेत. पहिल्या पायरीवर कुत्रा अंगावर येतो पण दात लागत नाही, दुसरीवर दात लागतो, कातडी फुटत नाही, तिसरीवर एका चाव्यात एक ते चार खुणा, पण सुळ्याच्या अर्ध्या लांबीहून उथळ, चौथीवर खुणा खोल आणि भोवती काळेनिळे, म्हणजे कुत्र्याने धरून ठेवले किंवा झटके दिले, पाचवीवर अनेक खोल चावे, सहावीवर मृत्यू. पहिल्या दोन पायऱ्यांचा कुत्रा सुधारायला बराच वाव असतो. तिसरीवर मेहनत आणि शिस्त लागते. चौथीपासून पुढे दुसऱ्याच्या घरात तो देणे म्हणजे आपला धोका त्याच्या गळ्यात बांधणे.

खोलीइतकाच महत्त्वाचा प्रसंग. समजा, कुत्रा भाकर खात होता, चार वर्षांचे लेकरू वाकले आणि गालावर दोन खुणा उमटल्या. आणि समजा, दुसरा कुत्रा फाटक ओलांडून रस्त्यावर धावला आणि सायकलवाल्याच्या पोटरीला दोनदा लचका तोडून गेला. गावाच्या लेखी दोन्ही 'चावरे'. पहिल्याला खाताना कुणी छेडले नाही आणि लहान मुले नसलेले घर मिळाले तर तो उरलेले आयुष्य पुन्हा न चावता काढू शकतो. दुसरा मुद्दाम पाठलाग करून चावतो आहे. त्याला नवे घर म्हणजे नवा रस्ता आणि नवे सायकलवाले. व्यालेली कुत्री पिल्लांजवळ गेलेल्याला चावली, तर चार-सहा आठवड्यांत ते कारणच सरते. कानात गोचिड्या, पायात रुतलेला काटा, सडलेला दात, म्हातारपणी दुखणारे सांधे यांपायी चावणाऱ्या कुत्र्याला नव्या घराआधी पशुवैद्यक हवा.

आणि साखळी. चावलेल्या कुत्र्याच्या घरी गेलात तर आधी तो बांधतात ती जमीन बघा. खुंट्याभोवती साखळीच्या लांबीएवढे वर्तुळ, त्यात गवताची काडी नाही, माती घासून गुळगुळीत झालेली, कडेला पालथे पडलेले भगुणे. त्या वर्तुळात वर्षानुवर्षे जगणाऱ्या कुत्र्याला पळून जाता येत नाही, त्यामुळे भीती वाटली की त्याच्यापाशी दातांखेरीज दुसरा उपाय उरत नाही. 'भुंकणारा कुत्रा चावत नाही' हे मोकळ्या कुत्र्याबद्दल कदाचित खरे असेल. बांधलेला भुंकतो आणि चावतोही.

नवे घर

इथली एक विचित्र अडचण अशी, की चावऱ्या कुत्र्याला घेणारा लगेच मिळतो. शहरात चावलेल्या कुत्र्याला कुणी दारात उभे करत नाही. इथे मात्र शेतावरच्या मोटारीची तार चोरीला जाते, रानडुकरे धान लोळवतात, तळ्यातली मासळी रात्रीतून उपसली जाते. 'चावरा आहे? मग बराच की, राखणीला होईल,' असे म्हणणारा कुणीतरी निघतोच. कुत्रा शेतावरच्या खोलीपाशी साखळीने बांधला जातो. दिवसातून एकदा भाकर. भोवती काळोख, जंगल, बिबट्याचा वास. चाव्याची जी कारणे घरी होती ती सगळी इथे दुप्पट होतात. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. सुगीला मजूर बाया येतात तेव्हा त्यांतल्या कुणाला तरी तो चावतो आणि तिला कुणी सांगितलेले नसते.

म्हणून नवे घर शोधताना 'घेतो का?' एवढे विचारून भागत नाही. घरात दहा वर्षांखालची मुले आहेत का? शेळ्या-कोंबड्या आहेत का? डुकराच्या मागावर नेलेला कुत्रा शेळीला शिकारच समजतो. कुंपण कसे आहे? रात्री कुत्रा आत बांधणार की बाहेर? पशुवैद्यकीय दवाखाना किती लांब? घरातल्या किती जणांना तो हवा आहे? आणि जुन्या मालकाने आपल्या खर्चाने आधी काही करून द्यायचे असते: रेबीजची लस आणि तिचा दाखला, जंतांचे औषध, नसबंदी. नसबंदीने भटकणे आणि भांडणे कमी होतात; भीतीपोटी चावणाऱ्याची भीती मात्र तिने जात नाही, त्यामुळे तिच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको. मुसके लावून घेण्याची सवय हीसुद्धा मोठी देणगी. बैलाला मळणीत मुसके बांधणाऱ्या शेतकऱ्याला ती कल्पना समजवावी लागत नाही. कुत्र्याचे जाळीदार मुसके तोंड उघडून धापा टाकता येतील आणि पाणी पिता येईल एवढे सैल हवे, आणि ते दोन-तीन आठवडे खाऊ दाखवत दाखवत चढवावे लागते.

पण यातले काहीही केले आणि एक गोष्ट केली नाही तर सगळे व्यर्थ. ती म्हणजे एका पानाची चिठ्ठी. कुत्र्याचे नाव, वय, रंग. केव्हा चावला, कुणाला (नाव नको, 'शेजारचा सहा वर्षांचा मुलगा' एवढे पुरे), अंगावर कुठे, किती खुणा, टाके पडले का. त्या आधी काय चालले होते. याआधी गुरगुरणे, झेपावणे झाले होते का. दहा दिवसांची नजर कोणत्या तारखेला संपली. लस केव्हा दिली, पुढची केव्हा. कशाला घाबरतो: फटाके, काठी, डोक्यावर भारा घेतलेला माणूस. कशाने निवळतो. खाली देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची सही, जमल्यास पोलीस पाटलाची. हा करार न्यायालयासाठी असतोच असे नाही, पण ठाऊक असूनही धोका लपवला असा आरोप उद्या झाला तर तो कामाला येतो. मुख्य म्हणजे घेणाऱ्या घरातल्या लेकरांसाठी तो असतो.

हे पान लिहिताना हात थबकतो, कारण खरे लिहिले तर कुत्रा कुणी घेणार नाही अशी धास्ती असते. कुणी घेणार नसेल तर तेच त्या पानाचे उत्तर आहे असे समजावे.

नवे घर नसेल तेव्हा

मग तीन वाटा उरतात. पहिली, कुत्रा आहे तिथेच ठेवून व्यवस्था बदलणे. साखळीऐवजी तट्ट्याचे किंवा जाळीचे आवार, पाहुणे आले की आत, रस्त्यावर मुसके आणि दोर, खाताना एकटा. यात खर्च कमी आणि शिस्त जास्त. म्हणूनच ती कमी घरांना जमते. पण बहुतेक उथळ चाव्यांना हाच इलाज लागू पडतो आणि दंडाधिकाऱ्याच्या 'बंदिस्त ठेवा' या आदेशाचाही अर्थ हाच.

दुसरी, निवारा. या जिल्ह्यांत ती पुष्कळ घरांसाठी कागदावरचीच वाट आहे. कोरची-धानोऱ्याहून एखादा कुत्रा नागपूरच्या निवाऱ्यात पोचवणे म्हणजे दिवस मोडणे, आणि गजबजलेल्या निवाऱ्यात भेदरलेला कुत्रा आणखी बिघडतो. मोकाट कुत्र्यांसाठीच्या 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत पिसाळल्याचा संशय असलेल्याला वेगळे ठेवण्याची आणि दुसराच आजार निघाला तर प्राणिसंस्थेकडे उपचाराला सोपवण्याची सोय आहे. पण त्यासाठी पिंजरे आणि माणसे लागतात. ती तालुक्याच्या ठिकाणी असली तर नियमाला अर्थ.

तिसरी वाट बोलायला जड आहे. खोल चावे वारंवार घेणारा, कारणाचा माग लागू न देणारा किंवा असह्य आजाराने पिसाटलेला कुत्रा पशुवैद्यकाच्या हातून शांतपणे जाऊ देणे हे कधीकधी त्याला मेळघाट-बोर दाखवण्यापेक्षा दयेचे असते. हा निर्णय रागाच्या संध्याकाळी घेण्याचा नाही, तो पशुवैद्यकाच्या तपासणीनंतरचा आहे. आणि वाद असेल तर दंडाधिकाऱ्याच्या लेखी आदेशानंतरचा. काठी, विष किंवा विजेची तार हा त्याला पर्याय होऊ शकत नाही. जनावराला ठार करणे किंवा निकामी करणे यासाठी न्याय संहितेच्या कलम 325 मध्ये पाच वर्षांपर्यंत कैद आहे.

वाघाच्या हल्ल्यात माणूस गेला तर राज्य शासन 25 लाख रुपये देते, वनरक्षक पंचनामा करतो, कॅमेरे लागतात. घरचा कुत्रा चावला तर पंचनामा शेजारीपाजारी करतात आणि निकालही तेच देतात. कुत्र्यासाठी वाघाएवढी यंत्रणा कुणी मागणार नाही, मागूही नये. पण ग्रामपंचायतीत एक वही असायला काय हरकत आहे? गावातली कुत्री, त्यांच्या लसीच्या तारखा आणि चावा झाला तर त्याच्या चार ओळी. पशुधन विकास अधिकारी गुरांच्या लसीकरणाला येतात त्याच दिवशी कुत्र्यांनाही टोचले तर वेगळी गाडी लागत नाही. आणि गावातून कुत्रा दुसरीकडे दिला गेला तर त्या चार ओळींची नक्कल त्याच्याबरोबर.

ती नक्कल घेऊन मोटारसायकल निघाली तर मागे पोते लागत नाही. कुत्र्याच्या गळ्यात दोर असतो, जाणारा ठरलेल्या घरी जातो आणि दारात उभा राहून आधी वाचून दाखवतो: हा अमुक दिवशी, अमुक कारणाने, अमक्याला चावला. मग विचारतो, घेता का?